स्वच्छ आवाजाचा हेडफोन

काहीच ऐकू येत नव्हते, आणि मागे उभी असलेली दोघेही काही बोलत नव्हती.

चंदर भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. भिंत फिकट पिवळी, तीवर एक खिळा, आणि खिळ्याखाली कधीतरी टांगलेल्या कॅलेंडरची उजळ चौकट. कानांवर हेडफोन होता. उजवा हात मांडीवर सैल टाकलेला. बारीक असो की जाड, शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचे, एवढेच त्याला सांगितले होते. पहिली शिट्टी जाड होती, घाट चढण्याआधी मालगाडी देते तशी. दुसरी तिच्याहून बारीक. तिसरी आणखी बारीक; पण होती. चौथी यायची होती. कदाचित ती येऊन गेली होती.

त्याने श्वास मोजायला घेतले. कंपनीच्या दवाखान्यातला माणूस दोन शिट्ट्यांमध्ये दोन श्वासांचे अंतर ठेवी. त्या अंदाजाने चंदरने बोट वर केले, खाली घेतले. पुन्हा दोन श्वास, पुन्हा बोट. तिसऱ्या वेळी त्याने मुद्दाम थोडा उशीर केला, कारण फार नेमकेपणाही संशयास्पद दिसतो हे त्याला ठाऊक होते. मागे कुणी खाकरले नाही. फरशीवर पाऊल सरकले नाही. ही शांतता हेडफोनच्या आतली होती की खोलीतली, हे त्याला ठरवता येईना. आणि ते ठरवता न येणे हेच गेली तीन वर्षे त्याचे गुपित होते.

खांद्याला हलकासा स्पर्श झाला. त्याने हेडफोन काढला आणि वळून पाहिले. सुमित, त्याचा वीस वर्षांचा मुलगा, खिडकीतून खाली हायवेकडे पाहत होता. दुकानाची मालकीण तेजश्री हातात कापसाचा बोळा घेऊन हेडफोनच्या गाद्या पुसू लागली होती.

"झालं, काका," ती म्हणाली. "दोन्ही बाजू चालू आहेत. हेडफोनच्या."

"मंग?" चंदर म्हणाला. "ठीक वाजतोय म्हना."

"हेडफोन ठीक आहे," तेजश्री म्हणाली, आणि बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला.

खोपोलीच्या शिळफाट्यावर, टायरवाल्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर तेजश्रीचे ते दुकान होते. संगणकाचे सुटे भाग विकणारी दुकाने हायवेला आणखीही होती. पण हेडफोन घ्यायचा असेल तर मोहोपाड्यापासून कर्जतपर्यंतची पोरे इथे येत, कारण इथे माल हातात देण्याआधी कानांवर देत. तिची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक हेडफोनवरचे कंपनीचे नाव ती काळ्या पट्टीने झाकून टाकी आणि वर पांढरा आकडा चिकटवी. नाव दिसले की माणूस नावच ऐकत बसतो, असे तिचे म्हणणे होते. गिऱ्हाइकाला ती भिंतीकडे तोंड करून बसवी, म्हणजे विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याला काही ठरवता येऊ नये. आधी जाड-बारीक शिट्ट्या वाजवून ती हेडफोनच्या दोन्ही बाजू तपासून घेई. आणि फोनवरच बजावून सांगे, की येताना तुम्हाला तोंडपाठ असलेला एक आवाज घेऊन या. गाणे असेल तर गाणे. नव्या गाण्यावर हेडफोन कळत नाही. आपण गाणेच ऐकत राहतो.

सुमितने दोन आवाज आणले होते: तो मित्रांबरोबर जो बंदुकीचा खेळ खेळे त्यातली दोन मिनिटे, आणि एक गाणे. तिसरा आवाज चंदरने आणला होता. तो त्याच्या फोनमध्ये होता, दीड मिनिटाचा, आणि त्यात एकही शब्द नव्हता. कॉम्प्रेसर नंबर दोन.

"हे काय आहे?" तेजश्रीने विचारले होते.

"मशीन."

"म्हणजे गाणं नाही?"

"बावीस वर्सं हेच ऐकतोय मी, ताई. यापेक्षा पाठ काय आसनार?"

ती हसली होती. "बरोबर आहे. चालेल."

बावीस वर्षे चंदर मोहोपाड्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्रेसर हाऊसवर होता. कौलारू चाळीएवढे लांब ते दालन, आत चार यंत्रे, आणि त्यांचा असा एकसंध गडगडाट की नव्याने येणारा माणूस पहिल्या आठवड्यात घरीही ओरडूनच बोले. त्या गडगडाटातून चंदर एकेक आवाज वेगळा काढी. धान्यातून खडा काढावा तसा. लोखंडी सळईचे एक टोक यंत्राला लावायचे, दुसरे कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे, आणि सांगायचे की दुसऱ्या टप्प्यावरच्या व्हॉल्व्हचे पाते झिजले आहे, चार दिवस काढेल. चार दिवस काढी. शिकाऊ इंजिनियर त्याला डॉक्टर म्हणत. मोठे साहेब बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन येत तेव्हा दाबाचे काटे दाखवून झाले की चंदरकडे बोट करून म्हणत, "आणि हा आमचा कान."

कानांवर घालायचे जाड मफ सगळ्यांना मिळत. चंदरलाही मिळाले होते. पण मफ घालून यंत्र ऐकू येत नाही. म्हणून तो ते गळ्यात अडकवून ठेवी. ज्या कानामुळे त्याला मान होता, तो कान त्याने बावीस वर्षे उघडा ठेवला.

तीन वर्षांपूर्वी आधी पाखरे गेली. क्वार्टर्सच्या मागच्या शिरीषावर सकाळी कोलाहल होत असे तो विरळ झाला, आणि त्याला वाटले की पाखरेच कमी झाली असतील. मग कुकरची शिट्टी शेजारच्या घरातली वाटू लागली. मग माणसांच्या बोलण्यातले कोवळे, टोकदार वर्ण गळून पडू लागले. बायको सुंदरा काय म्हणते ते तिच्या ओठांवरून, आणि त्याहून जास्त तिच्या नेहमीच्या स्वभावावरून कळे. सगळ्यांत शेवटी व्हॉल्व्हच्या पात्याचा 'खट्' गेला. गडगडाट जसाच्या तसा राहिला. आतला खडा दिसेनासा झाला.

कंपनी दरवर्षी कान तपासे. दवाखान्यातला माणूस टेबलाच्या पलीकडे बसून बटण दाबी, आणि त्याच्या मागे स्टीलचे कपाट होते. कपाटाच्या चकचकीत दारात त्याच्या अंगठ्याचे प्रतिबिंब दिसे. चंदर गेली दोन वर्षे त्या अंगठ्याकडे पाहून पास झाला होता. यंदा मात्र दवाखान्यात आवाजबंद कोठडी बसवली होती: आत खुर्ची, कानांवर हेडफोन, हातात बटण, समोर भिंत. येत्या बुधवारी त्याची पाळी होती. या तपासणीत नापास झालेला माणूस दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्रेसर हाऊसमध्ये पाऊल टाकत नाही. त्याला गोण्या शिवण्याच्या खात्यात पाठवतात, जिथे आवाज नसतो आणि ऐकण्याजोगेही काही नसते. पगार तोच राहतो. पण तिथे कुणी कुणाला डॉक्टर म्हणत नाही.

सुमितला हेडफोन हवा होता हे खरे होते. त्याच्या पाच जणांच्या संघाची महिनाअखेरीस पनवेलला स्पर्धा होती, आणि जुन्या हेडफोनची डावी बाजू मेली होती. परंतु रविवारची सुट्टी मोडून चंदर त्याच्याबरोबर आला तो हेडफोनसाठी नव्हे. भिंतीकडे तोंड करून बसवतात, हे सुमितकडून ऐकल्यावर तो आला होता. बुधवारआधी एकदा तशा भिंतीसमोर बसून पाहावे, एवढाच त्याचा हेतू होता. बसून झाले होते. काय निष्पन्न झाले ते त्याला कळले नव्हते, आणि विचारायची सोय नव्हती.

"आता मुख्य काम," तेजश्री सुमितला म्हणाली. "खेळ आणि गाणी, दोन्हीला एकच घेणार?"

"एकच."

"मग थोडं इकडचं तिकडचं सोडावं लागेल. खेळात पाऊल कुठून वाजलं ते कळायला पाहिजे. गाण्यात सगळे एका चटईवर बसलेत असं वाटायला पाहिजे. दोघांचं भांडण असतं."

"आनि ते लाल-निळे दिवे लागतात ते?" चंदरने विचारले. तेवढे वाक्य त्याने तेजश्रीच्या मागे मांडलेल्या खोक्यांवरून जुळवले होते.

"दिवे बाहेरच्या बाजूला असतात, काका. ज्याच्या डोक्यावर आहे त्याला दिसत नाहीत. ते शेजाऱ्यासाठी."

सुमित हसला. दुकानात आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता, आणि ते हसू चंदरकडे वळण्याआधीच मावळले.

टेबलावर चार हेडफोन होते. सुमितने एकेक चढवला. एक नंबरला त्याने तोंड वाकडे केले. नुसता ढोल आहे म्हणाला. दोन नंबर, जो मघा चंदरच्या कानांवर होता, त्याच्या पाठीला बारीक जाळी होती. तो घालून सुमित बराच वेळ बसला. त्याचे डोळे मिटलेले होते आणि डोके कधी डावीकडे, कधी मागे असे अगदी थोडे कलत होते. न दिसणारी माणसे कुठून येत आहेत हे तो पाहत होता. चंदरने हे डोळे मिटणे ओळखले. सळई कानाला लावल्यावर त्याचा स्वतःचा चेहराही असाच होत असे, असे त्याला कॉम्प्रेसर हाऊसवरच्या नागूने सांगितले होते. तेजश्री जाळीवर नख टेकवून सुमितला काही समजावत होती. चंदरला त्यातले 'मोकळा' एवढेच कळले.

"हा चांगला हाय," सुमित म्हणाला. "पाय कळतात. गाणं पण कळतं."

"बाकीचे बी ऐक की," चंदर म्हणाला. "मी बी ऐकतो."

तो पुन्हा खुर्चीत बसला. आता कुणी शिट्ट्या वाजवणार नव्हते, म्हणून हात मोकळे होते. एक नंबरमधून कॉम्प्रेसर आला तो पावसाळ्यातल्या नदीसारखा, गढूळ. दोन नंबरमधून तीच नदी जरा लांब गेली. तीन नंबरचे त्याला काही वेगळे जाणवले नाही. चार नंबर कानांवर चढला, गडगडाट सुरू झाला, आणि त्या गडगडाटाच्या पोटातून, लहानपणी पोशीरच्या शेतात ओल्या बांधावर खेकडा नांगी मिटतो तसा, स्वच्छ, कोरडा आवाज आला: खट्. आणि पुन्हा. खट्. चंदर हलला नाही. तीन वर्षांनी पाते त्याच्याशी बोलत होते. त्याने ध्वनिमुद्रण संपू दिले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले, आणि मग तिसऱ्यांदा.

"ह्योच," तो उठून म्हणाला. "ह्यो स्वच्छ हाय."

सुमितने चार नंबर घातला. त्याचे गाणे लावले. दुसऱ्याच ओळीला त्याचे खांदे वर गेले आणि डोळ्यांच्या कडा आकसल्या. थंड पाण्याचा तांब्या अचानक अंगावर यावा तशा. त्याने हेडफोन काढून हातात धरला आणि तेजश्रीकडे पाहिले.

"काका, याचा वरचा आवाज फार पुढे आहे," तेजश्री जरा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "टोचतो. तासभर घातला तर डोकं धरेल याचं. मी हा मुलांना देत नाही फारसा."

"टोचत नाय, ताई. स्वच्छ हाय म्हनून तसा वाटतो. ढोलाची सवय झालीय आताच्या पोरान्ला."

सुमितने हातातला हेडफोन टेबलावर ठेवला.

"पप्पांचा कान हाय," सुमित म्हणाला. आवाजात काही नव्हते, ना चेष्टा ना अभिमान; फाटकावर नाव सांगावे तसे त्याने ते सांगितले. "हाच द्या."

"नक्की?" तेजश्रीने त्यालाच विचारले. "आठ दिवसांत बदलून देते मी. खोकं ठेव."

"द्या."

येताना सुमितने मोटरसायकल चालवली. खालापूर मागे पडले, चौकचा फाटा आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी होऊन गेलेली खाचरे होती, आणि त्यांच्या पलीकडे गोदामांचे निळे पत्रे. हेडफोनचे खोके चंदरने दोन्ही हातांनी पोटाशी धरले होते. त्याला सुमितशी बोलावेसे वाटत होते. परंतु वाऱ्यात मुलाचे शब्द त्याच्यापर्यंत पोचले नसते, आणि ते पोचले नाहीत हे मुलाला कळले असते. तो गप्प राहिला. सुमितही गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्याला काय कारण असावे हे चंदरने त्या वेळी मनात आणले नाही.

संध्याकाळी आतल्या खोलीत सुमित खेळायला बसला. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या टेबलावर संगणक होता. नव्या हेडफोनचा माइक तोंडापुढे ओढून तो चौघा मित्रांशी बोलत होता. स्वयंपाकघरात सुंदरा भाकरी थापत होती. चंदर उंबऱ्याशी बसला होता.

"मागं हाय... अरे मागं रं, जिन्यावर... मेलो."

"दिवसातनं पन्नास येळा मरतो ह्यो," सुंदरा म्हणाली, "आनि जेवाया बरोबर उठतो."

चंदर हसला. हे वाक्य ती रोज म्हणे, म्हणून ते ऐकू येण्याची गरज नव्हती.

वीस मिनिटांनी सुमितने हेडफोन उतरवला, कानांच्या पाळ्या चोळल्या, आणि पुन्हा चढवला. आणखी दहा मिनिटांनी त्याने तो बंदच करून ठेवला. मित्रांना म्हणाला, नेट गेलं. नेट गेले नव्हते.

सोमवारी चंदर पहिल्या पाळीहून अडीचला घरी आला. सुमित कॉलेजात होता, सुंदरा भिशीला गेली होती. त्याने हात-पाय धुतले, संगणक सुरू केला (एवढे त्याला येत होते), आणि रविवारी त्यात उतरवून घेतलेले आपले यंत्र ऐकले. खट्. खट्. साडेतीनपर्यंत तो ऐकत होता. मग त्याने हेडफोन होता तसा, वायरीच्या त्याच वळणासकट, ठेवून दिला.

मंगळवारी पाळीत काही घडले नाही. घडले होते ते गेल्या महिन्यात. तीन नंबरच्या यंत्रावर एका जोडाच्या गॅस्केटमधून वायू बारीक शिट्टी वाजवत निसटत होता आणि चंदर त्याच्यापासून चार हातांवर उभा राहून नोंदवहीत दाब लिहीत होता. नागू दारातून आत आला आणि दारातूनच ओरडत धावला. त्याने स्वतः झडप बंद केली. नंतर चहा पिताना नागू एवढेच म्हणाला, "डोक्यात काय चालल्यालं तुझ्या?" चंदर म्हणाला, पोराची फी. नागूने ते मान्य केले. किंवा मान्य केल्यासारखे कपात पाहिले. त्यानंतर दोघांच्या पाळ्या एकत्र याव्यात म्हणून नागू साहेबाकडे अर्ज घेऊन गेला होता, आणि कारण विचारल्यावर सोबत जायला बरे पडते म्हणाला होता.

अडीचला चंदर घरी आला. हात-पाय धुतले. संगणक लावला. हेडफोन चढवला. गडगडाट आला.

खट् आला नाही.

त्याने वाट पाहिली. आवाज वाढवला, आणखी वाढवला. गडगडाट जाड होत गेला. हेडफोन काढून त्याने उलटसुलट पाहिला, गाद्या दाबल्या, पुन्हा घातला. कालपर्यंत होते ते पाते आज नव्हते. म्हणजे एका रात्रीत आणखी गेले. त्याच्या मनात हा विचार अगदी शांतपणे आला, विहिरीचे पाणी एका पायरीने उतरलेले दिसावे तसा. उद्या बुधवार होता.

चारच्या सुमारास सुमित आला. बाप आपल्या खुर्चीत हेडफोन घालून बसलेला पाहून तो दारातच थांबला. चंदरला तो पाठीमागे आहे हे कळले नाही. मग कळले.

"काय केलंस रं ह्याला?"

"कशाला?"

"ह्यातला खट् गेला."

सुमितने दप्तर खाली ठेवले. पुढे येऊन त्याने पडद्यावर एक खिडकी उघडली; तीत डावीकडून उजवीकडे जाणारी एक रेघ होती आणि उजव्या टोकाला ती खाली उतरलेली होती, घाटातल्या रस्त्यासारखी.

"वरचा आवाज कमी केलाय मी. काल रात्री." तो बापाच्या समोर येऊन, तोंड दिसेल असा उभा राहून बोलत होता. "टोचतं, पप्पा. कान दुखतात माझे."

"मंग तवाच बोलायचं. दुकानात."

"काय बोलायचं?"

सुमितने वाकून ती रेघ सरळ केली आणि ध्वनिमुद्रण पुन्हा लावले. खट्. चंदरचे डोळे मिटले. खट्. त्याने खोल श्वास घेतला. गेले नव्हते. जेवढे होते तेवढे होते.

डोळे उघडले तेव्हा सुमित पलंगाच्या कडेवर बसला होता. त्याने हाताने खूण केली, हेडफोन काढा.

"रविवारी तुमाला शिट्ट्या लावल्या, तवा तो जाळीचा होता," सुमित म्हणाला. "दोन नंबर. त्याची पाठ उघडी असते. आतला आवाज बाहेर येतो."

"मंग?"

"मी मागं उभा होतो. मला ऐकू येत होत्या शिट्ट्या. सगळ्या. दोन हात लांबनं."

चंदर त्याच्या ओठांकडे पाहत राहिला.

"पयल्या तीनला तुमी बोट वर केलं. मग ती वाजवत होती आणि तुमी गप बसला होता. आणि मधीच, काय वाजत नव्हतं तवा, बोट वर करत होता."

"ती काय बोलली?"

"काय नाय. माझ्याकडं पाह्यलं. मग आवाज वाढवला. तरी नाय."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून पाण्याचे पिंप ओढत नेत होते. तो जाड, घासत जाणारा आवाज चंदरला स्पष्ट ऐकू आला. तो थांबेपर्यंत दोघेही थांबले. मग चंदरने सांगितले. फार शब्द लागले नाहीत: पाखरे, कुकर, पाते, स्टीलच्या कपाटातला अंगठा, आणि उद्याची कोठडी. सांगताना त्याचा आवाज स्थिर होता. जणू दुसऱ्या कुणाच्या यंत्राचा बिघाड तो समजावत होता.

"नागूची झाली काल तपासनी," तो पुढे म्हणाला. "त्यानं समदं मोजून ठेवलंय. आदी उजवा कान. मग डावा. कुठली शिट्टी कितव्यांदा, मधी किती आकडे जातात, समदं. मशीनच वाजवतं ते. मशीन काय रोज नवं वाजवतंय?" त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. नोंदवहीतून फाडलेला कागद होता, आणि त्यावर नागूच्या बसक्या अक्षरात आकडे एकाखाली एक लिहिले होते. "ह्ये बघ. तू ह्यातनं तसंच बनव इथं. तू करतोस की, आवाजाचं. मी आज पाठ करतो. बटन कवा दाबायचं तेवडंच."

सुमितने कागद घेतला नाही. "नागूकाकांनी दिलं हे?"

"मागितलं म्हनून दिलं."

"गॅस्केटची शिट्टी त्यांनीच ऐकली होती ना? मागल्या महिन्यात."

"तुला कुनी सांगितलं?"

"त्यांनीच. तुमी बाजूलाच उभे होता म्हणले."

"नागू कायबी सांगतो. रंगवून सांगायची सवय हाय त्याला."

"हसत नव्हते सांगताना."

चंदरने कागद टेबलावर ठेवला आणि त्याची घडी तळहाताने सपाट केली. "मशीन कानानं कळतं आसं नसतं," तो म्हणाला. "पायाला कळतं. फरशीतनं येतो आवाज. हात ठेवला की कळतं. बावीस वर्सं झाली रं."

"वायू फरशीतनं येतो का?"

"तू काय साहेब हायेस?"

"नाय."

"मंग?"

"ती कोठडी पास करायला मी शिकवू शकतो तुमाला. एका दिवसात होईल ते." सुमित कागदाकडे पाहत बोलत होता, आणि मग आठवण होऊन त्याने मान वर केली, बापाला ओठ दिसतील अशी. "पण आत नागूकाका एकटेच नसतात. त्या पाळीला आठ जण असतात."

चंदरने नजर खाली घेतली. खोलीत उन्हाचा एक पट्टा होता. तो टेबलावरून खाली घसरत होता. त्याला गोण्या शिवायचे खाते दिसले: पांढऱ्या धुळीत बसलेली, हळू बोलणारी माणसे. तिथे त्याला कुणी काही विचारणार नव्हते. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन येतील, काटे दाखवतील, आणि मग त्यांचे बोट क्षणभर कुठेही न टेकता हवेत राहील. की तेवढेही राहणार नाही. त्याला आपल्या मुलाचा राग आला नाही. मुलगा बरोबर ऐकत होता. त्याच्या वयात चंदरही असाच ऐकत असे, आणि कुणाचा मुलाहिजा ठेवत नसे; झिजले आहे म्हणजे झिजले आहे.

"एवडं एकदा," तो शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता, आणि किती खाली आला आहे याचा त्याला अंदाज नव्हता. "ह्या वर्साला. फुडल्या वर्सी मी सोता सांगतो सायबाला. शप्पत. कान गेला म्हनून नको, वय झालं म्हनून सांगतो. तेवडं एक वर्स दे." त्याने कागद मुलाच्या बाजूला सरकवला. "करशील ना रं?"

सुमितने कागदाला हात लावला नाही. त्याने नकारार्थी मान हलवली, पलंगावरून उठून दप्तर उचलून खांद्याला अडकवले, दाराशी चपला पायांत सरकवल्या, आणि मागे न पाहता बाहेर पडून जिना उतरू लागला.